खिडकीबाहेरचं अंगण

१

सिस्टरनं कँटीनच्या टेबलावर पर्स उपडी केली आणि आमच्या चहाच्या कपांभोवती एक छोटा दवाखानाच उभा राहिला. गोळ्या, कापूस, पट्ट्या, थर्मामीटर, सेफ्टी पिनांची माळ. एवढ्याशा पर्समधून एवढं सामान निघालं की शेजारच्या टेबलावरचा माणूस आपली पाठ दाखवायला येतो की काय, असं मला वाटलं. सगळं निघालं. एक गोष्ट सोडून.

"पासपोर्ट नाहीये," सिस्टर म्हणाली.

"असेल गं कुठेतरी. अस्तर फाटलंय का बघ," माझी धाकटी जाऊ म्हणाली. आमच्यात तिला सगळे धाकटीच म्हणतात, जरी तिचे दात माझ्याआधी गेले.

"अस्तर बघितलं. नाहीये."

आता सिस्टरनं नाही म्हटलं की नाही. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई. कात्र्या-चिमटे मोजून झाल्याशिवाय तिनं कुठल्या सर्जनला टाका घालू दिला नाही. तिच्या हातून वस्तू हरवत नाहीत. तिच्या हातून वस्तू जाते, ती कुणीतरी घेतली म्हणूनच.

सुट्टीचा शेवटचा दिवस होता तो. संध्याकाळचं विमान. आम्ही चौघी एकाच बिल्डिंगमधल्या. मी, धाकटी, सिस्टर आणि बाई. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त झाली तरी अजून कुणी च्युइंगगम खाताना दिसलं की ती हात पुढे करते. रोज संध्याकाळी चौघी माझ्या घरी जमून एक मालिका बघायचो. किती वर्षं, ते विचारू नका. मालिकेतली सून सासू झाली, आता तिला सून आलीय, एवढंच सांगते. त्या मालिकेचं शूटिंग होतं ते शहर बघायचं, म्हणून तर देशाची सीमा ओलांडून सगळी सुट्टी इथे. आणि शेवटच्या दिवशी खास सहल, मालिकेच्या जागा दाखवणारी.

सिस्टरचा चेहरा बघून धाकटी म्हणाली, "अगं, एवढी पांढरी काय पडतेस? गेलं विमान तर गेलं. नवा कागद मिळेल, परवाच्या विमानानं जाशील."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

कारण हॉटेलच्या खोलीत आम्ही दोघी एकत्र राहत होतो आणि आदल्या दिवशी तिला फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तिच्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन. तारीख पुढच्या महिन्यातली होती, पण पोरीची तब्येत एकदम बिघडली आणि डॉक्टरांनी ते उद्या सकाळीच करायचं ठरवलं. आमच्या संध्याकाळच्या विमानाआधी कुठल्याच विमानात जागा नव्हती. लेक फोनवर म्हणाली होती, "आई, मला आत नेण्याआधी तू दिसायला हवीस. बास." सिस्टरनं मला शपथ घातली, की कुणाला सांगायचं नाही, शेवटचा दिवस सगळ्यांचा हसतखेळत जाऊ दे.

आता त्या दिवसातलं हसणं संपलं होतं. उरली होती फक्त दुपार.

२

चोर पकडण्याचं काम अर्थातच मी घेतलं. आमच्या बिल्डिंगमधले सगळे चोर मीच पकडलेत. म्हणजे चोर तसा एकच होता, आणि तोही मांजर निघाला, पण पकडला मी.

"शेवटचा कधी पाहिलास?" मी विचारलं.

"स्टुडिओच्या फाटकावर. वॉचमननं सगळ्यांचे बघितले. मी परत आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली. चेन लागल्याचा आवाजसुद्धा ऐकला मी."

"आणि मग?"

"मग सेट बघितला आणि थेट इथे आलो."

म्हणजे जे झालं ते सेटवरच. तेव्हा आधी तो सेट काय होता ते सांगते.

सकाळी आम्हाला मालिकेतलं घर दाखवलं. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पिवळ्या भिंती, लोखंडी फाटक, मागे अंगण आणि अंगणात ते मोठं झाड. बाईंनी झाडाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. पण घराच्या आत जाऊ देईनात. मी गाईड मुलीला विचारलं तर म्हणाली, "मावशी, आत काहीच नाहीये. एक वकील राहतात. आतलं घर स्टुडिओत आहे." हो, मावशीच. आजी म्हणाली असती तर मी तिथूनच परत फिरले असते.

तर आतलं घर हे असं स्टुडिओत. एक भलंमोठं गोदाम आणि त्यात आपला दिवाणखाना! छत नाही. वर नुसते दिवे टांगलेले. जिना सहा-सात पायऱ्या चढतो आणि संपतो. त्या जिन्यावरून मालिकेतली धाकटी सून वर्षानुवर्षं रडत वर जात होती, ती बिचारी वर पोचल्यावर उभी कुठे राहत असेल? दिवाणखान्याला लागून स्वयंपाकघर. फळ्यांवर डबे, ओट्यावर भांडी आणि ती खिडकी. पडद्यातून असं लख्ख ऊन येत होतं की मला राहवलं नाही. पडदा सारून बघितलं तर बाहेर ताणून बसवलेलं कापड, त्यावर रंगवलेलं झाड आणि मागे दिवा. मी पडदा परत नीट केला. सेट सांभाळणारे, ते सेटवाले काका माझ्याकडे बघत होते ना. त्यांचं तिथे फार कडक. प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवतात आणि आज कप जिथे होता तिथेच उद्या लागतो. नाहीतर म्हणे, बघणाऱ्या बायका चॅनेलला फोन करतात.

"करतातच," धाकटी म्हणाली होती. तीच करते.

मग मालिकेतल्या थोरल्या सासूबाईंच्या खुर्चीत बसून फोटो काढायचं ठरलं. सिस्टर बसली. तिनं पर्स सोफ्यावर ठेवली. धाकटी गाईडच्या मोबाईलवर फोटो काढत होती, "हनुवटी वर कर, सासू हो, सासू हो" असं ओरडत. मग मी बसले. मग धाकटी. तेवढा वेळ पर्स सोफ्यावर होती आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"गाईडनंच घेतला," धाकटी एकदम म्हणाली. "मी सांगते ताई, ही पोरगी मला सकाळपासून पसंत नाही. सारखी इकडेतिकडे बघते."

गाईड मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली, तशी मी तिला समोर बसवलं.

"आम्ही फोटो काढत होतो तेव्हा तू कुठे होतीस गं?"

"बाहेर पॅसेजमध्ये. ऑफिसचा फोन आला होता, तेवढा घेतला."

"फोन?" धाकटीनं मुलीचाच मोबाईल टेबलावर ठेवला. "हा बघ तुझा फोन. तेव्हा हा माझ्या हातात होता."

३

मुलगी लाल झाली. मग पांढरी झाली. "मी... मी एअरलाइनला विचारून येते, त्यांची काही सोय असते," असं म्हणून ती मोबाईल घेऊन उठली आणि जवळजवळ पळतच बाहेर गेली.

"बघितलंत?" धाकटीचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या स्टुडिओत भुताच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं, त्यातलं भूत म्हणे पळून गेलं. बरं, हे मी जरा फुगवून सांगितलं. इथून पुढचं मात्र जसंच्या तसं.

"उगाच कुणावर आळ घेऊ नकोस," मी म्हटलं. "आधी सगळ्यांच्या पिशव्या बघू. माझ्यापासून."

माझ्या पिशवीत माझा पासपोर्ट, चष्मा, कवळीची डबी आणि हॉटेलमधले साबण निघाले. साबण त्यांनीच ठेवलेले असतात, ती काही चोरी नाही. मग धाकटीची पाळी. तिनं पिशवी छातीशी धरली.

"माझी कशाला? मी घरातली!"

"म्हणूनच. दे इकडे."

ओढाताणीत पिशवीतून एक चष्मा घरंगळला. काळ्या जाड काड्यांचा, आणि काचाच नसलेला. थोरल्या सासूबाईंचा! दिव्यांचा उजेड काचेवर चमकतो म्हणून त्या बिनकाचेचा घालतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"धाकटे!"

"आठवण म्हणून घेतला गं! टेबलावर नुसता पडला होता. पासपोर्ट मी घेतला नाही, तुझ्या दिराची शपथ."

"दिराची घेऊ नकोस. त्याची तू आयुष्यभर घेतलीस, अजून एकही खरी निघाली नाही."

बाईंनी न सांगता आपली पिशवी उघडून समोर ठेवली. रुमाल, पेन, यजमानांचा फोटो असलेलं छोटं पाकीट. तिचे यजमान गेल्याला अजून वर्ष व्हायचं होतं. पासपोर्ट एकच, तिचा स्वतःचा. मी पिशवी परत तिच्याकडे सरकवली, तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी बोलणार नव्हते. कुणाच्या पोरीच्या पोटावर पाय यायला नको. पण मी तिला बघितलं."

"कुणाला?"

"गाईडला. तुम्ही फोटो काढत होतात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून दिसली मला. झाडाखाली उभी होती, सावलीत. हातात सिस्टरची पर्स. आत हात घालून काहीतरी शोधत होती, आणि मान वळवून घराकडे बघत होती."

धाकटीनं टेबलावर हात आपटला. "झालं! पोलिसांना बोलवा."

सिस्टर उभी राहिली. "पोलीस आले तर ते दिवसभर जबान्या घेत बसतील," ती म्हणाली. "मला चोर नको. मला पासपोर्ट हवाय. त्या मुलीला विचारा, काय हवं ते देते, नुसता परत कर म्हणावं." आणि मग तिचा आवाज फाटला. जिनं मेलेल्या माणसांचे डोळे शांतपणे मिटले, त्या बाईचा आवाज मी पहिल्यांदा फाटलेला ऐकला.

४

मी गाईडला शोधायला बाहेर पडले. ती पायऱ्यांवर बसून रडत होती.

"मावशी, माझी नोकरी गेली," ती म्हणाली. "त्या फोटो काढणाऱ्या मावशींनी ऑफिसला फोन केला. साहेब म्हणाले, पोलिसांत देतो."

"फोनचं खोटं का बोललीस?"

तिनं नाक पुसलं. "दिग्दर्शकांच्या असिस्टंटला माझे फोटो द्यायला गेले होते. मालिकेत छोटंसं काम मिळालं तर. कंपनीनं सक्त मनाई केलीय, पाहुण्यांना सोडून असलं काही करायचं नाही. त्यांना विचारा हवं तर, ते आता शूटिंगमध्ये आहेत."

"कुठे भेटलीस त्यांना? अंगणात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अंगण? मावशी, इथे कुठलं अंगण?"

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

इथे कुठलं अंगण! मी स्वतः पडदा सारून बघितलं होतं, आणि तरी बाई बोलत होती तेव्हा मला ते झाड दिसत होतं, सावली दिसत होती, मान वळवून बघणारी मुलगी दिसत होती. का दिसणार नाही? ते आम्ही चौघींनी बघितलंच होतं. मालिकेत! मधली सून सासूची पर्स घेऊन झाडाखाली उभी राहते आणि थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. किती दिवस चघळलं होतं आम्ही ते. घर एका टोकाला, स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. दोन्ही जोडली जातात ती फक्त टीव्हीत, आणि आमच्या डोक्यात. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा बाईंना स्वतःचं काही सुचलं नाही. तिनं जे रोज बघितलं तेच सांगितलं.

खिडकीशी गेलेलं माणूस असं बोलणार नाही. म्हणजे बाई स्वयंपाकघरात होती, पण पडदा तिनं सारलाच नाही. ती तिथे दुसरंच काहीतरी करत होती.

मी आत गेले आणि बाईंना म्हटलं, "जरा चल गं माझ्याबरोबर. गुडघा दुखतोय, हात दे."

स्टुडिओच्या मागे मोडके दरवाजे, खोटे खांब आणि प्लास्टिकची झाडं टाकून दिली होती. तिथे एका अर्ध्या सोफ्यावर मी तिला बसवलं.

"ऊन होतं का गं झाडाखाली?"

"हो. म्हणजे सावली होती."

"बाई, त्या खिडकीबाहेर कापड आहे."

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"रंगवलेलं. मागे दिवा लावलाय. अंगण आपण सकाळी बघून आलो, ते इथून मोटारीनं किती लांब!"

तिनं पिशवीच्या बंदाला गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली.

"तू पिशव्या उघडायला लावल्यास आणि मी घाबरले," ती म्हणाली. "त्या मुलीचं नाव मला घ्यायचं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि मग पुढचंही निघत गेलं."

"पण घेतलास का?"

"माझ्या जवळ नाहीये तो. पिशव्या तपासतात हे मला ठाऊक नाही का? जन्म गेला वर्गात पिशव्या तपासण्यात."

"मी कुठे ते विचारत नाहीये. का?"

बाई समोरच्या प्लास्टिकच्या झाडाकडे बघत राहिली. "घरी पोचलो की सिस्टर सामान बांधणार. लेकीकडे कायमची चालली, नातवंडांना सांभाळायला. म्हणजे आता हे गेले, आणि तीही जाणार. तू आहेस, पण तुझ्याकडे धाकटी आहे, नातवंडं आहेत, सगळं गाव तुझ्या घरात. मला सिस्टर होती. एक दिवस, फक्त एक दिवस जास्त हवा होता मला. मी तिच्याबरोबर थांबले असते. उद्या फोन करून सांगणार होते, की स्वयंपाकघरात पडला असेल बघा. एका दिवसानं कुणाचं काय बिघडणार होतं?"

सिस्टरनं घातलेली शपथ होती. मी ती मोडली आणि सांगून टाकलं. लेकीचं ऑपरेशन. उद्या सकाळी. नातवंडांना सांभाळायला म्हणजे खरं काय ते. "मला आत नेण्याआधी तू दिसायला हवीस," ते सुद्धा.

बाईंनी आधी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुन्हा एखादी थाप मारतेय. माझी ख्यातीच तशी. मग तिला कळलं की नाही मारत.

"डब्यात आहे," ती उठत म्हणाली. "फळीवरच्या निळ्या डब्यात."

५

सेटच्या दारावर लाल दिवा पेटला होता आणि आडवा हात करून सेटवाले काका उभे होते. "शूटिंग चालू आहे. आत नाही."

"कधी संपेल?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरातला सीन आहे, वेळ लागतो. सगळी भांडणं तिथेच होतात."

"ऐका, पासपोर्ट आहे आत, निळ्या डब्यात."

"आजी, त्या डब्याला हात लागला तर सीन परत करावा लागेल. बसा तिकडे."

आजी म्हणाला मला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई त्याच्या हाताखालून वाकून आत गेली. सांगितलं तर पटणार नाही, पण ही बाई जन्मात कधी रांग मोडून पुढे गेली नव्हती. हिरवळीवर चालू नका अशी पाटी दिसली की रस्त्याच्या पलीकडून जाणारी. ती लाल दिव्याखालून गेली, कॅमेऱ्याच्या पुढून गेली, वायरी ओलांडत गेली. थोरल्या सासूबाई सुनेला काहीतरी भयंकर सुनावत होत्या, त्या दोघींच्या मधून गेली आणि तिनं निळा डबा खाली उतरवला.

"कट! कोण आहेत या? कोण आहेत?"

"मी चूक केलीय," बाईंनी दिग्दर्शकाला वर्गातल्या आवाजात सांगितलं, "ती सुधारतेय. दोन मिनिटं शांत बसा."

आणि तो बसला हो. थोरल्या सासूबाईसुद्धा बसल्या. जाता जाता मी धाकटीकडून काढून घेतलेला बिनकाचेचा चष्मा त्यांच्या टेबलावर ठेवला. सेटवाल्या काकांनी तो लगेच उचलला, फोटो बघितला आणि वीतभर डावीकडे सरकवला.

कँटीनमध्ये बाईंनी पासपोर्ट सिस्टरच्या हातात दिला आणि काही झाकून न ठेवता सांगितलं. मी मध्ये एक-दोनदा बाजू घ्यायला गेले, तर मला म्हणाली, "तू थांब. तू चांगलं सांगशील. ते नको." मग तिनं गाईड मुलीकडून फोन मागून घेतला आणि तिच्या साहेबांना सांगितलं, मी खोटी साक्ष दिली, मुलीचा काही दोष नाही, हवं तर माझ्याकडून लिहून घ्या. मुलगी उभी राहून ऐकत होती. फोन परत घेताना ती बाईंशी बोलली नाही. तिनं का बोलावं?

सिस्टरनं पासपोर्ट उघडून बघितला, कप्प्यात ठेवला, चेन लावली. बाईंकडे बघितलंच नाही. टेबलावरचा पसारा एकेक करून पर्समध्ये भरला आणि म्हणाली, "गाडी बोलवा."

त्या गाडीसारखी शांत गाडी मी कधी अनुभवली नाही. धाकटी बोलायला दोनदा वळली आणि दोन्ही वेळा मी तिला चिमटा काढला. रस्ता तुंबलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि सिस्टर घड्याळाकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत होती. पोचलो तेव्हा काउंटर बंद करत होते. धाकटीनं मग तिचं किंचाळणं कामाला लावलं आणि काउंटर उघडला.

विमानात सिस्टर आणि बाईंच्या जागा शेजारी होत्या, आम्हीच हौसेनं घेतलेल्या. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "जागा बदलशील का? तिला मी शेजारी नको असेन." मी उठायला लागले, तशी सिस्टर म्हणाली, "बसू दे तिला."

विमान उडालं. बाहेर अजून उजेड होता. मग सिस्टर बोलली. मी मागच्याच रांगेत होते आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

"मी तुला माफ केलेलं नाही. कधी करेन, तेही माहीत नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाली.

"आयुष्यभर मी थिएटरच्या आत उभी राहिले. बाहेरच्या बाकावर नातेवाईक काय करत बसतात, मला ठाऊक नाही. जावई डॉक्टरांच्या मागे धावेल. मला तिथे एकटीला बसवणार नाही गं." तिनं पट्टा उगाच घट्ट केला. "तू उद्या माझ्याबरोबर चल."

बाईंनी मान डोलावली.

"आणि बाकावर मालिकेबद्दल एक अक्षर काढायचं नाही," सिस्टर म्हणाली.

"मग काय बोलायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."